बी ओलीच विकत घ्यावी

ज्येष्ठ सरता सरता शिरवळपासून खंबाटकी घाटाच्या पायथ्यापर्यंत महामार्गाच्या कडेला जांभळांच्या पाट्या मांडल्या जातात. सरबताच्या दुकानांतून जांभळाचा गर काढला जातो, घरोघरी मोसमातील शेवटचा आंबा आमरसात संपतो, आणि या सर्वांमागे उरणाऱ्या कोयी व बिया दुकानामागच्या खड्ड्यात, ओढ्याच्या काठी किंवा उकिरड्यावर जाऊन पडतात. पुढे चार महिन्यांनी आपल्यापैकीच एखादा फार्मसीचालक दूरच्या व्यापाऱ्याकडून जांभूळबीचे पोते मागवतो. ती बी कोठून आली, कोणी धुतली, कशावर वाळवली, खरोखर वाळली की नुसती वाळल्यासारखी दिसते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मालाबरोबरच्या पावतीवर नसते. दाराशी फेकलेली वस्तू आपण दुरून आणि आंधळेपणाने विकत घेतो, ही या व्यवहारातील पहिली विसंगती होय.

टाकाऊ बियांपासून पौष्टिक अन्न हा विषय अलीकडे वारंवार चर्चिला जातो. आंब्याच्या कोयीतील मगजात किती प्रथिने, चिंचोक्यात किती, कलिंगडाच्या बीत किती स्निग्धांश, याचे तक्ते छापले जातात. ते तक्ते चुकीचे आहेत असे आमचे म्हणणे नाही. आंब्याच्या सुक्या मगजात साधारण ६ टक्के प्रथिने, ८ ते १२ टक्के स्निग्धांश आणि उरलेल्यापैकी बहुतांश पिष्ट असते. कलिंगडाच्या सोललेल्या बीत प्रथिने २८ टक्क्यांच्या आसपास आणि स्निग्धांश निम्म्याच्या जवळ जातो. परंतु हा हिशेब वाळलेल्या, निर्दोष बीचा असतो. उकिरड्यावर दोन रात्री पडलेली कोय आणि तक्त्यातील कोय या दोन भिन्न वस्तू आहेत. त्यांच्यामध्ये जे अंतर आहे ते केवळ पाण्याचे आहे. म्हणून या विषयाचा विचार पोषणापासून सुरू न करता शोषणापासून, म्हणजे वाळविण्याच्या क्रियेपासून सुरू करावा, असे आम्ही सुचवितो.

येथे वनस्पतिशास्त्रातील एक गोष्ट वैद्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. हरभरा, तीळ, मेथी ही बीजे झाडावरच वाळतात. निसर्गाने त्यांना वर्षानुवर्षे पडून राहण्यासाठी घडविले आहे. आंबा, जांभूळ, फणस यांच्या बिया तशा नाहीत. त्या फळातून बाहेर पडतात तेव्हा ओल्या व सजीव असतात, पहिल्या पावसात लगेच रुजाव्यात अशीच त्यांची योजना असते, आणि एकदा वाळल्या की त्या पुन्हा रुजत नाहीत. ज्यांनी लहानपणी रुजलेली कोय दगडावर घासून तिची पुंगी वाजविली आहे, त्यांना तिच्या अंगातील ओल ठाऊक असेल. ताज्या जांभूळबीत जवळपास निम्मे पाणी असते. शिवाय ही फळे पिकतात ती नेमकी पावसाच्या तोंडावर. ज्या बीचा स्वभाव ओला, तिचा मोसमही ओला. अशा बीला बुरशी लागणे हा अपघात म्हणता येणार नाही. आपण काही केले नाही तर दुसरे काही घडणारच नाही.

हे न केल्यास काय होते याचे दाखले आपल्या देशातच आहेत. ओडिशातील रायगडा जिल्ह्यात, काशीपूर भागात, २००१ साली आंब्याच्या कोयीची पेज खाऊन आदिवासींचे मृत्यू झाले. त्या वेळी भूकबळी की विषबाधा असा मोठा वाद झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच राज्यातील कंधमाळ जिल्ह्यात मंडिपंका गावी कोयीची पेज खाल्लेल्या स्त्रियांचे मृत्यू झाले आणि तोच वाद पुन्हा उभा राहिला. धान्य हाताशी नसताना माणसे कोयीकडे वळली, हा भाग समाजाच्या आणि शासनाच्या लाजेचा आहे व तो विसरता कामा नये. परंतु वैद्यांनी दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तेथील समाज पिढ्यान्‌पिढ्या कोय खात आला आहे. उन्हाळ्यात गोळा केलेली कोय वाळवून ठेवायची, वापरण्यापूर्वी भिजवून तिचा तुरटपणा काढायचा, मग दळायची, ही त्यांची रीत. कोय हे विष असते तर ही रीत टिकलीच नसती. पावसाळाभर ओलसर जागी साठविलेल्या कोयीवर बुरशी वाढते आणि मग तेच अन्न विष होते.

बुरशीमुळे निर्माण होणाऱ्या विषांपैकी अफ्लाटॉक्सिनचे नाव आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या भागांत बुरशीयुक्त मका खाल्ल्यामुळे यकृतविकाराची साथ पसरली आणि शंभरावर माणसे दगावली. हे विष घरगुती शिजविण्याने वा भाजण्याने नष्ट होत नाही. बुरशी झटकली, बी पुसली, पुन्हा उन्हात घातली, तरी ते आत राहते. अशी बी जनावराला घालावी असेही काहीजण सुचवितात. दुभत्या जनावराने ती खाल्ली तर त्या विषाचा अंश दुधातून माणसाकडेच परत येतो. आपल्या तालुक्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. शंका असल्यास तेथे जाऊन विचारावे. काळी पडलेली बी सरळ पुरून टाकावी.

चूर्णाच्या बाबतीत ही अडचण अधिक गंभीर होते, कारण दळल्यानंतर सर्व दोष झाकले जातात. जांभूळबीचे चूर्ण मुळातच तपकिरी, करडे असते. त्यात दहा टक्के बुरशीयुक्त बी मिसळली तरी रंगावरून ओळखू येत नाही, आणि चव तुरट असल्याने कडवटपणाही लपतो. आमच्याकडे एकदा आलेल्या पोत्यात वरचा थर खडखडीत आणि तळाशी हात घातला तर कोमट ओल, असा अनुभव आम्ही घेतला आहे. पोते परत गेले. पण ते दळून, चाळून, डब्यात भरून आले असते तर आम्हांला काहीही कळले नसते. याच कारणाने आम्ही तयार चूर्ण विकत घेण्याच्या पूर्ण विरोधात आहोत. शार्ङ्गधराने चूर्णाची वीर्यावधी दोन महिन्यांची सांगितली आहे. कायद्याने दिलेली मुदत त्याहून पुष्कळ मोठी असली, तरी तेलकट मगजाच्या चूर्णाला दोन महिन्यांनी येणारा खवट वास ज्याने घेतला आहे तो शार्ङ्गधराचेच ऐकेल.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. बी नीट का वाळत नाही? वाळविणाऱ्याला अक्कल नाही म्हणून असे होते, हे मत आम्हांला मान्य नाही. आपल्या गावांतील कोणत्याही स्त्रीला वाळवण शिकविण्याची गरज नाही. कुरडया, सांडगे, पापड कधी उलटायचे, सावलीत किती आणि उन्हात किती, हे तिला पुस्तकावाचून कळते. दोष व्यवहाराच्या रचनेत आहे. आपण वाळलेली बी वजनावर विकत घेतो. जिच्यात १६ टक्के ओल आहे अशी एक किलो बी आणखी वाळवून ८ टक्क्यांवर आणली, तर तिचे वजन सुमारे ९१३ ग्रॅम भरते. म्हणजे प्रामाणिकपणे वाळविणाऱ्याचे किलोमागे ८७ ग्रॅमचे नुकसान होते, वर दोन दिवसांची मेहनत वेगळी. जो वाळवीत नाही त्याला पाण्याचेही पैसे मिळतात. अशा बाजारात बी ओलसर आली नाही तरच नवल. व्यापाऱ्याला दूषणे देऊन हे सुधारणार नाही, कारण आपणच त्याला ओलीचे बक्षीस देत आहोत.

यावर आमचा उपाय साधा आहे. बी ओलीच विकत घ्यावी. फळातून निघाली त्याच दिवशी, ओल्या वजनावर, दर ठरवून घ्यावी आणि आपल्या देखरेखीखाली वाळवावी. ओल्या बीत निम्मे पाणी आहे असे धरले, तर एक किलोतून सुमारे ५४० ग्रॅम वाळलेला माल मिळेल. टरफल काढल्यावर त्याहूनही कमी. दर ठरविताना हा हिशेब मांडला की फसवणुकीला जागा राहत नाही. सरबतवाल्याला जी वस्तू टाकायला मजुरी पडत होती तिचे चार पैसे मिळतात. विशेष म्हणजे बीचा जन्मदिवस आपल्याला ठाऊक होतो. फार्मसीच्या नोंदवहीत ज्या द्रव्याचे गाव, दिवस आणि फळ लिहिता येते, अशी द्रव्ये आज आपल्याकडे किती आहेत, हे प्रत्येकाने स्वतःच मोजून पाहावे.

ओली बी कशी वाळवावी, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण सारा भार त्यावर आहे.

जांभळाची बी गर चिकटलेल्या स्थितीत एक रात्र जरी ढिगात राहिली तरी आंबते. म्हणून त्याच संध्याकाळी भरपूर पाण्यात चोळून धुवावी. पाण्यावर तरंगणारी, किडकी, पोकळ बी काढून टाकावी. नंतर जमिनीवर वा सिमेंटच्या गच्चीवर न पसरता बांबूच्या तट्ट्यांवर किंवा जाळीच्या ट्रेमध्ये, खालून वारा लागेल अशी, एकपदरी पसरावी. पहिला दिवस वाऱ्याच्या सावलीत आणि नंतर उन्हात, असा क्रम आम्हांला उत्तम वाटतो. सुरुवातीलाच कडक उष्णता दिली तर वरचा थर कडक होऊन आतील पाणी कोंडते. बी वरून वाजते आणि आतून ओली राहते, ती याच कारणाने. तीन-चार दिवसांत टरफल तडकून सुटू लागते. ते हाताने सोलावे, आतील मगज दुभंगावा आणि दोन्ही फाकी पुन्हा वाळत घालाव्यात. अखंड बीपेक्षा दुभंगलेली बी कितीतरी लवकर वाळते. रात्री सर्व ट्रे आत घ्यावेत. दिवसा मिळवलेले रात्रीच्या दवात गमावणे ही नेहमीची चूक आहे.

आंब्याच्या कोयीचे काम अधिक कष्टाचे. रेशांसह कोय दोन दिवस वाळू द्यावी, मग कडेने फोडून मगज काढावा. कोयीतील भुंग्याने पोखरलेला मगज टाकून द्यावा. वरचे तांबूस पापुद्रे काढून पातळ काप करावेत. अन्नासाठी वापरावयाचे असेल तर काप पाण्यात भिजवून, ते पाणी दोन-तीनदा बदलून तुरटपणा कमी करावा आणि नंतरच वाळवावेत. औषधासाठी वापरावयाचे असेल तर भिजवू नयेत, कारण ज्याला आपण आहारात दोष मानतो तो कषाय रसच अतिसारात आपल्याला हवा असतो. एकाच कोयीचे हे दोन मार्ग सुरुवातीलाच वेगळे करावे लागतात. नंतर डब्यावरची चिठ्ठी बदलून भागत नाही.

बी वाळली हे कसे ओळखावे? जुनी खूण अशी की मगज वाकवताच कट्‌कन मोडावा आणि मोडलेल्या जागी मेणासारखी चमक नसावी. दुसरी, तराजूची. सलग दोन दिवस सायंकाळी केलेले वजन सारखे भरले तर पाणी निघून गेले असे समजावे. तिसरी खूण धान्य साठविणारे शेतकरी वापरतात. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर बी आणि थोडे कोरडे, भाजलेले मीठ घालून बरणी हलवावी व काही वेळ ठेवावी. मीठ काचेला चिकटले तर ओल १५ टक्क्यांहून अधिक आहे. मात्र हे धान्याचे प्रमाण झाले. तेलकट मगजाला तेवढी ओलही घातक आहे, तेव्हा मीठ चिकटले नाही एवढ्यावर समाधान मानू नये. नापास करण्यासाठी ही परीक्षा उत्तम, पास करण्यासाठी अपुरी. फार्मसीत ओव्हन असतोच. १०५ अंश सेल्सिअसला नमुना वाळवून वजनातील घट काढणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. १० टक्क्यांच्या आत, आणि शक्यतो ८ च्या आसपास, हा आमचा आग्रह आहे.

पावसात ऊन कोठून आणायचे, असा रास्त प्रश्न येथे विचारला जाईल. खंडाळा तालुक्याचे भाग्य येथे उपयोगी पडते. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून जेमतेम काही कोसांवर, सह्याद्रीच्या पाठीमागे, लोणंद-फलटणच्या पट्ट्यात त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते त्या ज्येष्ठ-आषाढाच्या संधीवर आभाळ भरलेले असते, वारा भणाणत असतो आणि पाऊस मात्र पुढे निघून गेलेला असतो, हे येथील प्रत्येकाने पाहिले आहे. ज्या कोरडेपणाबद्दल शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या रडत आला, तो वाळवणाला वरदान आहे. घाटमाथ्यावरची आणि कोकणातील बी तेथे वाळवू पाहणे म्हणजे पाण्यात राहून अंग पुसणे होय. महामार्गाने ती काही तासांत खंडाळ्यात येऊ शकते.

ज्या दिवशी ऊन नाही त्या दिवसांसाठी सौर वाळवणयंत्रे आहेत. पारदर्शक आच्छादनाखाली ट्रे, खालून हवेला वाट आणि वरून बाहेर जाण्यास मार्ग, इतकी साधी त्यांची रचना असते. धूळ, माशी, चिमणी, उंदीर यांपासून संरक्षण हा त्यांचा मोठा लाभ. महाराष्ट्रातील एस४एस टेक्नॉलॉजीज या उद्योगाने अशी यंत्रे ग्रामीण स्त्रियांच्या हाती देऊन, टाकाऊ ठरणारा भाजीपाला वाळवून घेऊन तो विकत घेण्याची साखळी उभी केली आणि त्यासाठी त्यास २०२३ चे अर्थशॉट पारितोषिक मिळाले. त्यांचे काम कांदा, टोमॅटो, आले यांवर आहे. परंतु लोणंदच्या कांद्याच्या बाजारपेठेभोवती वाळवणाचे एखादे केंद्र उभे राहिले, तर ज्या महिन्यांत कांदा नसतो त्या महिन्यांत त्याच ट्रेमध्ये बी का वाळवू नये, हे आम्हांला कळत नाही. मोठी फार्मसी हे स्वतः करू शकेल. लहान फार्मसीचालकांनी चार-पाच जणांत मिळून एखाद्या महिला बचत गटाशी करार करावा. मात्र मजुरी वाळविण्याची द्यावी, वाळलेल्या वजनाची नव्हे. अन्यथा वर सांगितलेला जुनाच रोग नव्या घरात शिरेल.

साठवणीविषयी चरकाने कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात जे सांगितले आहे ते आजही कोणत्याही अधिकाऱ्याने तपासावे इतके काटेकोर आहे. औषधांचे घर अग्नी, पाणी, ओलावा, धूर, धूळ, उंदीर आणि चतुष्पाद प्राणी यांपासून सुरक्षित असावे आणि झाकलेली द्रव्ये शिंक्यावर टांगून ठेवावीत. आपण शिंके काढून टाकले आणि पोती जमिनीवर भिंतीला टेकवून रचली. भिंतीतून झिरपणारी ओल तळाच्या पोत्यात शिरते, हे वर आलेच आहे. शिंके नको असेल तर निदान लाकडी फळ्या घालाव्यात आणि भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावे.

सर्वच बिया अन्न होत नाहीत, हे सांगणे अत्यावश्यक आहे, कारण टाकाऊतून टिकाऊचा उत्साह एकदा चढला की विवेक सुटतो. नीरेपलीकडे पुरंदरात आणि आपल्या डोंगरउतारांवर सीताफळ भरपूर. त्याचा गर काढल्यावर उरणाऱ्या बियांचे ढीग पाहून त्यांचेही पीठ करावे असे कोणाच्या मनात येईल. सीताफळाची बी कीटकनाशक आहे. उवांसाठी तिचे चूर्ण केसांना लावताना डोळ्यांत जाऊन डोळ्यांना तीव्र इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांतून नोंदली गेली आहेत. ती आहारात सर्वथा वर्ज्य. कडू जर्दाळूच्या बीत सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते. पपईची बी काळ्या मिऱ्यांतील भेसळ म्हणून प्रसिद्धच आहे. तिला अन्नाचा मान देण्याची घाई आम्ही करणार नाही. ज्या बियांना ग्रंथांचा किंवा स्वयंपाकघराचा, आणि शक्यतो दोहोंचा, आधार आहे त्यांच्यापुरतेच आपण बोलावे.

असा आधार पुष्कळ आहे. चरकाच्या पुरीषसंग्रहणीय महाकषायात आम्रास्थि आहे. पुष्यानुग चूर्णात जांभूळ व आंबा या दोहोंच्या मज्जा आहेत. छर्दीवरील योगांत बोराची मज्जा येते. स्वयंपाकघराकडे वळावे तर कोकणातील आठळ्यांची भाजी, कोकमाच्या वाळविलेल्या बियांपासून काढलेले मुठेल, मिठाईतील चारोळी व कलिंगडाचा मगज, भाजून खाल्लेला चिंचोका. आणि सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे कोयीची सुपारी. मगज मिठाच्या पाण्यात उकडणे, पातळ काप करणे, उन्हात कडकडीत वाळविणे, नंतर तुपावर परतून सैंधव, जिरे, हिंग लावणे. या कृतीत बुरशीला वाव राहील अशी एकही पायरी नाही. उकडण्याने तुरटपणा उतरतो, कापल्याने वाळवण सोपे होते, तुपाने रूक्षता जाते, हिंग-सैंधवाने वाताचा विचार होतो. ही कृती ज्या गृहिणीने रचली तिने द्रव्यगुणाचा तास कधी ऐकला नव्हता. आपण मात्र तास ऐकूनही तयार चूर्णाची पाकिटे विकतो.

आता दाव्यांविषयी. जांभूळबी आणि मधुमेह यांचे नाते जनमानसात इतके घट्ट आहे की पाकिटावर काही छापण्याची गरजच नसते. १९२१ साली इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी युरोपातही जांभूळबी मधुमेहावर दिली जात असे. त्यानंतर प्राण्यांवर अनेक प्रयोग झाले, माणसांवरचे मात्र थोडे आणि लहान. अशा स्थितीत बीच्या भरवशावर रुग्णाची चालू औषधे बंद करणे हा प्रमाद आहे, मग तो रुग्णाने स्वतः केलेला असो वा कोणाच्या सल्ल्याने. रुग्णाने चूर्ण सुरू केल्याचे आपल्याला कळले तर रक्तशर्करा तपासण्याचा आग्रह धरावा, आणि चालू औषधांबरोबर चूर्ण दिल्यास साखर फार उतरत नाही ना, हेही पाहावे. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने निषिद्ध आहे. २०२२ पासून आयुर्वेद आहारासाठी अन्नसुरक्षेचे स्वतंत्र नियम लागू झाले. त्यांत अधिकृत ग्रंथांवर आधारित आहारपदार्थांना स्थान आहे, औषधांना नाही. तेव्हा फार्मसीचालकाने प्रथम ठरवावे की आपण अन्न विकतो की औषध. अन्न असेल तर अन्नाचा परवाना, अन्नाचे वेष्टन आणि अन्नाची भाषा. औषध असेल तर औषधाचा परवाना, मात्रा आणि वैद्याचा सल्ला. दोन्ही दगडांवर पाय ठेवणारी पाकिटे आज बाजारात पुष्कळ दिसतात. त्यांच्यामुळे आपल्या सर्वांच्याच विश्वासार्हतेला धक्का पोहोचतो.

औषध म्हणून जांभूळबी चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम आहे आणि ती सर्वांना ठाऊक आहे. अन्न म्हणून वापरताना आम्ही फार सावध प्रमाण सांगतो. ज्वारी वा बाजरीच्या एक किलो पिठात भिजवून वाळविलेल्या कोयीचे पीठ ५० ग्रॅम, त्याहून अधिक नाही. जांभूळबीचे पीठ त्याच्याही निम्मे. भाकरीला तूप किंवा लोणी अवश्य असावे. कषाय व रूक्ष द्रव्य ग्राही असते. मलावरोधाची प्रवृत्ती असलेल्यांना, वातप्रकृतीच्या वृद्धांना आणि गर्भिणीला ते देऊ नये. लहान मुलांच्या पौष्टिक पिठात हे घालण्याची सूचना आमच्याकडे अनेकदा येते. आम्ही ती मान्य करीत नाही. ज्या बालकाला प्रथिने कमी पडत आहेत त्याला शेंगदाणे, डाळ आणि दूध मिळावे. उकिरड्यावरून वाचविलेल्या वस्तूची पहिली परीक्षा त्याच्या ताटात होऊ नये.

खर्चाचा आक्षेप उरतो. ओली बी घेणे, वाहून आणणे, धुणे, सोलणे, वाळविणे हे सर्व धरले तर बाजारातील पोते स्वस्त पडते, असे फार्मसीचालक मित्र म्हणतात. पाण्यासह पोत्याची किंमत आणि पाण्यावेगळी बीची किंमत यांची तुलना करूनच हे म्हणावे. १६ टक्के ओल असलेल्या शंभर किलोंच्या मालात कोरडे द्रव्य ८४ किलो असते, ८ टक्क्यांच्या मालात ९२ किलो. त्यातून बुरशीयुक्त, किडकी, पोकळ बी निवडून काढल्यावर किती उरते तेही मोजावे. एवढे करूनही आपली बी थोडी महाग पडेल, हे आम्ही मान्य करतो. ती महाग विकावी. पाकिटावर फळाचे गाव आणि वाळविल्याची तारीख छापावी, आणि गिऱ्हाईक विचारील तेव्हा ओलीचा आकडा सांगावा.

येत्या ज्येष्ठात खंडाळा, वाई आणि फलटण या तीन तालुक्यांतील ज्या सदस्यांना हे करून पाहावयाचे आहे त्यांनी अक्षय्य तृतीयेपूर्वी एकत्र बसावे, अशी आमची सूचना आहे. कोणत्या सरबतवाल्याकडून किती बी मिळेल, कोणाच्या गच्चीवर किती तट्ट्या मावतील, ओव्हन कोणाकडे आहे, एवढ्या तीन गोष्टी त्या दिवशी ठरल्या तरी पुरे. पहिल्या वर्षी फक्त जांभूळ घ्यावे, कोय नको. कोय फोडण्याचे कष्ट पाहून उत्साह मावळतो, असा आमचा अनुभव आहे. पहिल्या खेपेचा नमुना जिल्ह्याबाहेरच्या एखाद्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत बुरशी व अफ्लाटॉक्सिनच्या तपासणीस पाठवावा, आणि त्याच्याबरोबर बाजारातून आणलेल्या चूर्णाचाही एक नमुना, नाव न लिहिता. दोन्ही अहवाल, जसे येतील तसे, याच त्रैमासिकात छापले जावेत.